गुरुवारची टर्की, भोपळ्याचे घारगे: थँक्सगिव्हिंगच्या टेबलाचे अनुभव

पानगळ, मॅसॅच्युसेट्स

'टेबल लावणं' म्हणजे काय ते मला अमेरिकेत येईपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पानं घ्यायची असत. पाट, तांब्या-भांडं, डावीकडे मीठ-लिंबू-चटणी, उजवीकडे भाजी-आमटी. काय कुठे वाढायचं हे ठरलेलं असे. त्यामुळे पहिल्या वर्षी ऑफिसातल्या एका मैत्रिणीने थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या इथल्या आभार मानायच्या सणाला, दुपारी तीन वाजता बोलावलं, तेव्हा मी ते चहाचं बोलावणं समजले आणि घरून व्यवस्थित वरण-भात जेवून गेले. तिथे बारा माणसांचं टेबल लागलेलं! 'डिनर' म्हणजे रात्रीचं जेवण हे आपलं शाळेतलं इंग्रजी. या दिवशी ते दुपारी दोनलाही असू शकतं, चारलाही.

जेवण फार गेलं नाही, पण टेबल डोळ्यांत राहिलं. मध्ये लांब पट्टी, तिच्यावर छोटे वेडेवाकडे भोपळे, गव्हाच्या ओंब्या, आणि प्रत्येकाच्या ताटावर मेपलचं एकेक लाल पान. पानावर सोनेरी शाईने त्या त्या माणसाचं नाव. माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, तरी ते पान मी पर्समध्ये घालून घरी आणलं.

चार वर्षांनी स्वतःच्या घरी तसंच करायला निघाले. मंगळवारी पिशवी घेऊन पानं गोळा करायला बाहेर पडले, तर झाडांवर काही नाही! आमच्याकडे मेपल ऑक्टोबरच्या मध्याला रंगतो आणि झडून मोकळा होतो. नोव्हेंबरच्या शेवटी उरतात ती ओकची तपकिरी, चामड्यासारखी पानं. त्या वर्षी त्यांच्यावरच नावं लिहिली. आता दसऱ्याच्या सुमारास 'सोनं' म्हणून मेपलची पानं आणते, त्यातली चांगली वीस-पंचवीस जाड पुस्तकात दाबून ठेवते, मग मेणकागदात घालून वरून कोमट इस्त्री फिरवते. अशी पानं टिकतात. नुसती वाळवली तर ओव्हनच्या उष्णतेने टेबलावरच पापडासारखी वळतात, हा स्वानुभव.

आता तुम्ही लिहा. टेबलावर काय मांडता, काय शिजवता, काय फसलं? पाककृती चालतील, पण नुसत्या पाककृती नकोत.

रात्रपाळी, न्यू जर्सी

फसलेल्यांत माझा नंबर पहिला धरा.

सोळा पौंडांची, म्हणजे सव्वासात किलोंची गोठवलेली टर्की (कोंबडीच्या जातीचा मोठा पक्षी, या सणाचा मुख्य पदार्थ) मी बुधवारी संध्याकाळी सहा वाजता घरी आणली. पाकिटावरचं वाचलं आणि घाम फुटला. फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस लागतो. म्हणजे ही बया रविवारीच फ्रिजमध्ये जायला हवी होती. दुसरा उपाय गार पाण्याचा: पौंडाला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. सोळा पौंडांचे आठ तास. सिंक भांड्यांनी भरलेलं, म्हणून पाहुण्यांच्या बाथरूममधला टब चांगला घासून घेतला, टर्की वेष्टनासकट त्यात बुडवली आणि फोनवर अर्ध्या-अर्ध्या तासाचे गजर लावले.

त्या खोलीत नागपूरहून आलेली आई झोपली होती. रात्री अडीचला ती उठून दारात उभी. "एवढ्या रात्री कोणाले आंघोळ घालून राहिला रे?"

आईने जन्मात अंड्याला हात लावलेला नाही. मला वाटलं आता रामायण होणार. पण ती डोक्यावरून शाल घेऊन दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. "घडी मी पाहतो, पाणी तू बदलव." पहाटे साडेचारपर्यंत आम्ही दोघं जागलो. इतक्या गप्पा आम्ही आदल्या पाच वर्षांत मारल्या नव्हत्या.

पुढचं थोडक्यात. मांडीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून 165 अंश फॅरनहाइट झाल्याची खात्री केली. त्याआधी बाहेर काढू नका, वरून कितीही खरपूस दिसो. आणि मानेच्या पोकळीत काळीज वगैरे भरलेली कागदी पिशवी असते, ती आधी काढायची असते. ती आम्हाला कापताना सापडली, सगळ्यांसमोर.

टेबलाचं म्हणाल तर आईने पक्ष्याच्या ताटाकडे पाठ फिरवली आणि पोरांच्या वेगळ्या छोट्या टेबलाचा ताबा घेतला. प्रत्येक ताटाभोवती कच्च्या क्रॅनबेरींची (छोटी लाल आंबट फळं) महिरप, नैवेद्याच्या पानाभोवती रांगोळीची काढतो तशी. मधेमधे संत्र्याच्या सालीचे तुकडे. मोठ्यांच्या टेबलावर मेणबत्त्या आणि काय काय होतं, पण आलेल्या प्रत्येकाने फोटो काढला तो पोरांच्या टेबलाचा.

उपासकरीण, टेक्सास

तुमचं सगळं छान आहे हो, पण हा सण गुरुवारी येतो त्याचं काय करता?

राष्ट्राध्यक्ष लिंकनने 1863 साली नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. रूझवेल्टने 1939 मध्ये दुकानदारांना ख्रिसमसची खरेदी लांबवून मिळावी म्हणून तो एक आठवडा अलीकडे ओढून पाहिला, त्यावर गदारोळ झाला. मग 1941 च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का केला. तारखेवरून एवढी भांडणं झाली, पण वार कुणी हलवला नाही. आमच्या गोतावळ्यात दत्ताचा वार पाळणारे निम्मे. एका वर्षी अकरा पाहुण्यांसाठी टर्की केली आणि खाणारे निघाले तीन. तेव्हापासून आमची टर्की शुक्रवारी असते. गुरुवारी भाज्या, पाव, 'पाय' (पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) आणि गप्पा.

कधी कधी मार्गशीर्षातला गुरुवारही नेमका त्याच दिवशी येतो. 2025 मध्ये 27 नोव्हेंबर हा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. सकाळी घट मांडला. पाच झाडांच्या डहाळ्यांसाठी आंबा भारतीय दुकानातला, बाकी डाळिंब, लिंबू, पेकान आणि ओक परसातलं. देवीने चालवून घेतलं असावं. पाहुणे दोन वाजता, माझा उपास नैवेद्य दाखवून संध्याकाळी सुटणार. म्हणजे सगळा स्वयंपाक चव न बघता!

बटाटे उकडताना नवऱ्याने पाण्यात मूठभर मीठ घातलं. मी कुसकरताना घातलं. लोणी खारवलेलं होतं, हे कुणाच्याच लक्षात नाही. पहिला घास घेतलेल्या पाहुण्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, पण पाण्याचे जग भराभर रिकामे व्हायला लागले तेव्हा मला कळलं. आणखी सहा बटाटे आणि दूध घालून निस्तरलं. तेव्हापासून माझा नियम: ज्या भांड्यात मीठ पडलं त्याच्या झाकणावर एक लवंग ठेवायची. लवंग दिसली की मिठाला हात लावायचा नाही. चव न घेता नैवेद्य करणाऱ्या आपल्या आज्या काय युक्त्या करत होत्या, कुणाला माहीत असेल तर सांगा.

तिरकस, ऱ्होड आयलंड

मी एरवी या सणाला नाक मुरडणारा माणूस. माझी मुलगी शाळेतून हाताचा पंजा गिरवून टर्कीचं चित्र काढून आणते, त्यासोबत गोऱ्यांनी आणि मूळ रहिवाशांनी मिळून मेजवानी केल्याची गोड गोष्ट आणते. 1621 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला, गोऱ्यांच्या वसाहतीत, तीन दिवसांची मेजवानी झाली हे खरं. तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांनी तिथे पाच हरणं आणली अशी समकालीन पत्रात नोंद आहे. पण पुढच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत त्याच लोकांचं काय झालं ते त्या चित्रात नसतं. 1970 पासून प्लिमथमध्ये थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी मूळ रहिवाशांचा शोकदिन पाळला जातो. आम्ही एकदा जाऊन आलो. कडाक्याची थंडी होती आणि भाषणं ऐकताना मुलीने माझा हात सोडला नाही.

तरी घरी जेवण करतो, कारण सुट्टी आहे आणि मित्र येतात. आमच्या टेबलावर टर्की नसते. मका, घेवडा, भोपळा, एवढंच. ही तिन्ही पिकं इथले लोक एकाच वाफ्यात लावत आणि त्यांना 'तीन बहिणी' म्हणत. मक्यावर वेल चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं माती झाकतात.

आणि उपासकरीणताई, एक गंमत सांगतो. तुमच्या उपासाच्या ताटात काय असतं? बटाटा, रताळं, दाणे, मिरची, राजगिरा, आणि आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका. वरी, जिरं, नारळ आणि तूप सोडलं तर बहुतेक सगळं अमेरिका खंडातून आलेलं. टर्कीही इथलीच. म्हणजे तुम्ही दोन वाजता टेबलावर बसा नाहीतर बाजूला साबुदाण्याची खिचडी खा, दोन्हीकडे तेच.

उपासकरीण, टेक्सास

हे वाचून नवरा मघापासून हसतोय. पुढच्या वर्षी टेबलावर रताळ्याचा कीस मांडणार, त्यावर इथल्यासारखे मार्शमेलो (साखरेचे मऊ गोळे) अजिबात न घालता.

घारगे, इलिनॉय

मार्शमेलोवरून आठवलं. त्यात जनावरांपासून केलेलं जिलेटिन असतं, म्हणजे शाकाहाऱ्यांना चालत नाही. पावाच्या स्टफिंगमध्ये (टर्कीत भरायच्या सारणात) बहुतेक वेळा कोंबडीचं पाणी असतं आणि पायच्या विकतच्या पारीत कधी कधी चरबी. 'सगळ्या साइड डिश शाकाहारी आहेत' असं यजमानाने सांगितलं तरी प्रेमाने विचारून घ्यावं. मी आता प्रत्येक पदार्थापुढे छोटी पाटी ठेवते, हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण, आपल्याकडच्या बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा. अमेरिकन पाहुण्यांनाही आता तो कळतो.

आम्ही मॉर्टनच्या जवळ राहतो. डब्यातल्या भोपळ्याचं गाव ते. त्या डब्यात जातो तो हॅलोवीनचा केशरी भोपळा नव्हे, फिकट सालीचा लांबट डिकिन्सन नावाचा असतो. आपल्या तांबड्या भोपळ्याचा भाऊबंद, म्हणून घारग्यांना झकास.

425 ग्रॅमचा एक डबा, वाटीभर चिरलेला गूळ, दोन्ही मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंतच. किसलेल्या भोपळ्यासारखं आटवत बसू नका, याला पाणी कमीच असतं. गार झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची, जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी, कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक. घट्ट भिजवा, तासभर ठेवा, खसखशीवर थापा, मध्यम आचेवर तळा. डब्यावर 'पाय फिलिंग' लिहिलेलं असेल तर उचलू नका, त्यात साखर आणि दालचिनी आधीच घातलेली असते. मी एकदा उचललं. घारगे तळताना घरभर लवंग-दालचिनीचा दरवळ, आणि सासरे म्हणाले, "आज अत्तराचे का केलेत?"

लाल मातीवाला, ओन्टारियो

कॅनडात हा सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, म्हणजे दसरा-कोजागरीच्या आगेमागे. झाडं तेव्हा रंगात असतात, पानगळबाईंसारखी पुस्तकं धुंडाळावी लागत नाहीत. आमच्या कोकणात दसऱ्याला दारावर 'नवं' बांधतात, भाताची लोंबी, आंब्याचं पान, झेंडू, कुरडूचं फूल. इथे शेजारणीच्या दारावर रंगीत दाण्यांच्या वाळक्या कणसांचा जुडगा दिसला आणि मी रस्त्यातच थांबलो. आता माझ्या दारावर कणसं, झेंडू आणि इंडियन स्टोअरमधलं आंब्याचं पान असं एकत्र असतं. खारी मक्याचे दाणे खातात, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

रात्रपाळी, न्यू जर्सी

एक राहिलं. फरसबीचं ते प्रसिद्ध कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ) आमच्याच राज्यात जन्मलं, कॅम्डेनला, 1955 मध्ये. सुपाच्या कंपनीतल्या डॉर्कस रायली यांनी मश्रूमच्या डबाबंद सुपात फरसबी घालून ते केलं. मला ते बेचव लागायचं. आईने त्यात हिरवी मिरची-लसणाचा ठेचा घातला आणि वर बिर्याणीसाठी तळतो तसा कांदा. आता भांडं चाटूनपुसून संपतं.

बिनओव्हनचा, मिशिगन

विद्यार्थी आहे, ओव्हन मोडका आहे, टेबलही नाही. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सहाजण जेवलो. माझं योगदान म्हणजे क्रॅनबेरीचं लोणचं. 340 ग्रॅमची पिशवी, प्रत्येक बेरीचे दोन तुकडे, मीठ, हळद, तयार लोणचं मसाला, हिंग-मोहरीची गार केलेली फोडणी. लिंबू पिळू नका, ती मुळातच कैरीच्या वरताण आंबट असते. थोडा गूळ घातला तरी चालतं.

शेजारच्या खोलीतला ओहायोचा मुलगा आला, त्याने वाटीत लाल काहीतरी पाहिलं, ते गोड क्रॅनबेरी सॉस समजला आणि डावभर पावावर घेऊन तोंडात घातलं. दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग त्याने नाक पुसलं आणि दुसऱ्यांदा घेतलं.

पानगळ, मॅसॅच्युसेट्स

आमच्याकडे ताज्या क्रॅनबेरी संपल्यात. फ्रीजरमधल्या चालतील का लोणच्याला?

बिनओव्हनचा, मिशिगन

चालतील. पूर्ण वितळू देऊ नका, गोठलेल्या असतानाच चिरा, नाहीतर लगदा होतो. पाणी जास्त सुटतं, त्यामुळे फ्रिजमध्येच ठेवा आणि आठवड्यात संपवा. आणि घारगेताईंची पाटी लावा वाटीपुढे.