मदत हवी आहे: किनाऱ्यावरील डाव्या वळणाचे शंख मोजण्याची पद्धत कशी असावी?

नमस्कार. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी ओहोटीच्या वेळा पाहून मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर समुद्री जीवांच्या नोंदी करणाऱ्या एका लहान गटाबरोबर जाते. येत्या हिवाळ्यात आम्हाला एकाच प्रश्नासाठी पद्धतशीर मोजणी करायची आहे: आपल्याकडे विपुल असलेल्या शंखधारी गोगलगायींमध्ये उलट्या, म्हणजे डाव्या वळणाचा शंख किती वेळा आढळतो? ज्यांनी किनाऱ्यावर चौकट टाकून, म्हणजे ठराविक मापाची चौकट खडकावर ठेवून तिच्या आतले जीव मोजून, मोजणी केली आहे आणि ज्यांना संख्याशास्त्राची चांगली जाण आहे, अशांचा सल्ला हवा आहे.

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो माझ्या विषयामुळे. शवविच्छेदनात एखादी वेगळी रचना सापडली की तिच्यावर टिपण लिहिले जाते. मात्र ती सापडेपर्यंत किती देहांत नेहमीचीच रचना दिसली, हे बहुतेक वेळा कोणी लिहून ठेवत नाही. त्यामुळे अशा टिपणांचा ढीग वाढतो, पण त्यातून प्रमाण काढता येत नाही. याउलट पामारिस लाँगस या स्नायूचे पाहा. अंगठा व करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवले की मधोमध त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, उठून दिसते, आणि काही लोकांत ती एका किंवा दोन्ही हातांत नसतेच. जिवंत माणसांवर एका मिनिटात ही तपासणी होत असल्याने हजारो हात पाहिले गेले, असलेले आणि नसलेले दोन्ही नोंदले गेले, आणि म्हणूनच निरनिराळ्या लोकसमूहांत हे प्रमाण किती बदलते ते आज सांगता येते. शंखांच्या बाबतीत आम्हाला या दुसऱ्या प्रकारची नोंद करायची आहे.

माणसात हृदय उजवीकडे आणि यकृत डावीकडे, अशी संपूर्ण उलटापालट साधारण 10,000 माणसांत एकाची असते. तिला सायटस इन्व्हर्सस म्हणतात आणि मॅथ्यू बेली यांनी 1788 मध्ये तिचे वर्णन केले होते. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत सूक्ष्म केसांसारखे पक्ष्म द्रव एका दिशेने ढकलतात आणि त्यावरून डावे-उजवे ठरते. हे पक्ष्म हललेच नाहीत तर बाजू केवळ योगायोगाने ठरते, त्यामुळे पक्ष्मांच्या जन्मजात दोषाच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत अवयव उलटे आढळतात. गोगलगायीत वळणाची दिशा याहून आधी, भ्रूणाच्या पहिल्या काही पेशीविभाजनांतच ठरते. असे असूनही नोडल नावाचे जे जनुक पृष्ठवंशीयांत डावी बाजू घडवते, तेच गोगलगायीतही एका बाजूला कार्यरत असते, हे 2009 मध्ये दाखवण्यात आले. दोन्हीकडे उलटा नमुना विरळाच, आणि प्रमाण ठाऊक असेल तरच त्याच्या कारणांवर बोलता येईल.

मोजणीसाठी प्लॅनॅक्सिस सल्केटस ही जात मनात आहे. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात, खडकांच्या भेगांमध्ये ती शेकड्यांनी चिकटलेली असते आणि तिचे टोक उंच असल्याने वळण सहज ओळखता येते. नेरिटा या दुसऱ्या गोगलगायीचे टोक बसके असते, तेथे नवख्याची फसगत होऊ शकते. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले असता तोंड उजवीकडे दिसले तर नेहमीचा शंख, डावीकडे दिसले तर उलटा. पूजेतला दक्षिणावर्ती शंख या रीतीने डावा ठरतो, म्हणून तक्त्यात ‘तोंड उजवीकडे’ किंवा ‘तोंड डावीकडे’ एवढेच लिहायचे असे आम्ही ठरवले आहे. प्रत्येक छायाचित्रात अंक असलेली पट्टी ठेवणार आहोत. फोनने प्रतिमा उलटी केली असेल तर अंकही उलटे दिसतील. क्ष-किरण चित्रावर बाजूची खूण लावतात ती याच कारणाने.

अडचण संख्येची आहे. 10,000 मध्ये एक असे प्रमाण धरले, तर निदान एक उलटा शंख दिसण्याची 95 टक्के खात्री हवी असल्यास सुमारे 30,000 शंख पाहावे लागतील. 3,000 पाहून एकही सापडला नाही, तर प्रमाण बहुधा 1,000 मध्ये एकाहून कमी आहे एवढेच म्हणता येईल. पण हे गणित प्रत्येक शंख दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असे मानून केलेले आहे, आणि माझी मुख्य शंका येथेच आहे. गोड्या पाण्यातील लिम्निया गोगलगायीत पिल्लाचे वळण त्याच्या स्वतःच्या नव्हे, तर आईच्या जनुकांवरून ठरते, त्यामुळे एका आईची सगळी पिल्ले एकाच वळणाची निघतात. प्लॅनॅक्सिसची मादी अंडी अंगातील पिशवीत सांभाळते. पिल्ले दूर न जाता त्याच भेगेत राहत असतील, तर एका भेगेतील पाच उलटे शंख ही पाच घटना धरावी की एक? चौकटींऐवजी भेग हेच एकक मानावे का, आणि दोन भेगांमध्ये किती अंतर ठेवावे?

दुसरी शंका रिकाम्या शंखांची. त्यांत हर्मिट खेकडे राहतात आणि शंख कोठून कोठे नेतात, म्हणून जिवंत गोगलगाय असलेलेच शंख मोजावेत असे मला वाटते. मात्र वाळूवर वाहून आलेल्या शंखांमुळे एकूण संख्या झपाट्याने वाढू शकते. त्यांचा वेगळा तक्ता ठेवणे योग्य ठरेल का? ट्रायफोरिडी कुळातील बारीक शंख मुळातच डाव्या वळणाचे असतात, तेव्हा जात ओळखल्याशिवाय कोणतीही डावी नोंद ग्राह्य धरणार नाही.

मोजलेली गोगलगाय पुन्हा मोजली जाऊ नये यासाठी काय करावे, हेही कृपया सांगावे. रंगाचा ठिपका लावणे मला प्रशस्त वाटत नाही, कारण त्यामुळे ती भक्षकांच्या नजरेत भरेल. तपासलेली गोगलगाय त्याच भेगेत, त्याच बाजूने परत ठेवणे हा नियम तर आम्ही पाळणारच आहोत. रत्नागिरी किंवा मालवणच्या किनाऱ्यावर कोणी अशी मोजणी केली असल्यास त्यांनी आपल्या नोंदतक्त्याचे रकाने येथे द्यावेत. एकही उलटा शंख सापडला नसेल, तर एकूण किती पाहिले तो आकडाही आम्हाला तितकाच हवा आहे.