मदत हवी आहे : आईसोबत सिटी टू सर्फ, मध्येच थांबावं लागलं तर?

ऑगस्टमध्ये सिडनीच्या सिटी टू सर्फ या पळण्या-चालण्याच्या शर्यतीला आईला घेऊन जातेय. हाइड पार्क ते बाँडाय बीच, १४ किमी. तिचं वय ६४, पळणार नाही, चालणारच. सपाटीवर १२ किमी दोनदा झाले, काही त्रास नाही. पण परवा ‘रोज बे’ या भागातून मार्गावरची मोठी चढण, हार्टब्रेक हिल, चढून पाहिली. चढ निभावला, उतरताना मात्र उजवा गुडघा धरला, माझा खांदा पकडून आडवी पावलं टाकत आली. डॉक्टरांची हरकत नाही, नी-कॅप आहे, आणि माघार घ्यायला ती मुळीच तयार नाही. बाँडाय बीचपर्यंत ट्रेन नाही, त्या दिवशी मार्गावरचे रस्ते बंद, म्हणजे गाडी बोलावणं कठीण. आधी चालत गेलेल्यांनी कृपया सांगा : चढ संपल्यावर थांबावंच लागलं, तर तिथून बाँडाय जंक्शन स्टेशनला कसं पोहोचायचं?