‘शिरपेचात मानाचा तुरा’ : कुठे लिहावं, कुठे नाही?

डिचोलीकर : गोव्यातल्या बातम्यांत ऊठसूट ‘गोव्याच्या शिरपेचात मानाचा तुरा’. इंग्रजीतल्या ‘फेदर इन युअर कॅप’सारखाच हा वाक्प्रचार अभिमान वाटावा अशा कामगिरीसाठी आहे. रवींद्र केळेकरांना २००६ सालचं ज्ञानपीठ मिळालं, कोकणीला पहिलंच. तिथे तुरा शोभतो. तालुका पातळीवरच्या निबंध स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं तर नाही. त्यात पुन्हा ‘तुरा रोवला’! रोवतात झेंडा. तुरा खोवतात, घोडेमोडणी या गोव्यातल्या लोकनृत्यात डोक्यावरच्या साजात फुलं खोवलेली असतात तसा.

फोंडेकर : ‘खोवला’ मान्य. बाकी नाही. पेडण्यातल्या एखाद्या छोट्या शाळेला ते उत्तेजनार्थ बक्षीसही मोठंच असतं. एका कॉलमात ओळीला दोन-तीन शब्द मावतात, आणि ‘मानाचा तुरा’ म्हटलं की वाचकाला लगेच कळतं. अशा शाळेचं कौतुक स्थानिक पेपराने नाही करायचं तर कोणी?

म्हापसेकर : कौतुकाला कोण नाही म्हणतंय? नाव, स्पर्धा, पातळी आणि क्रमांक एवढं शीर्षकात आलं की तुरा लागतच नाही. २०२२ साली चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारताच्या महिला संघाने कांस्य जिंकलं. ‘कांस्यविजेत्या संघात गोव्याची भक्ती कुलकर्णी’, झालं शीर्षक. खरी पंचाईत ‘राष्ट्रीय स्पर्धेत पदक’ अशा प्रेसनोटची. आधी विचारावं : खेळाडू राज्य निवड चाचणीतून गेला की फी भरून थेट प्रवेश? आयोजकांना त्या खेळाच्या महासंघाची मान्यता आहे का? गटात खेळाडू किती? कराटेत एका वजनी गटात बहुतेक वेळा दोन कांस्यं देतात. गटात चौघेच असले तर चौघेही पदकवाले. हे न विचारता तुरा खोवला की खऱ्या राष्ट्रीय पदकाच्या वेळी लिहायला शब्द उरत नाही.

फोंडेकर : रात्री आठला आलेल्या प्रेसनोटची एवढी चौकशी कोण करणार? आणि गटात चौघेच होते यात त्या पोराची काय चूक?

म्हापसेकर : पोराची काहीच नाही. प्रशिक्षकाला एक फोन, दोन मिनिटांचं काम. उत्तर नाहीच मिळालं तर ‘राष्ट्रीय’ गाळून स्पर्धेचं नाव जसंच्या तसं द्यावं.

डिचोलीकर : तुरा हवाच असेल तर मुख्याध्यापकांच्या तोंडी, अवतरणात द्या. ‘गोव्याच्या’ मात्र खेळाडू राज्य संघातून गेला असेल तरच. एरवी मान त्या मुलाचा आणि शाळेचा.

फोंडेकर : हे नाही पटत. सत्तरी तालुक्यातली मुलगी स्वतःच्या खर्चाने जाऊन जिंकून आली, तर तिथे सगळ्यात आधी ‘गोव्याच्या’ लिहायला हवं.