मदत हवी आहे: हवाई दलातल्या काकांच्या आठवणी जमवतोय

नमस्कार मंडळी. आमचे काका हवाई दलात इंजिन फिटर होते, बरीचशी नोकरी मिग-२१ वर. निवृत्तीनंतर साताऱ्यातच राहिले, यंदा गेले. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायचा विचार आहे.

चाळिशीतच त्यांना संधिवात जडला, तोही रुमेटॉइड. सकाळी बोटं मिटायची नाहीत, गरम पाण्यात हात बुडवून बसायचे. तरी लॉकवायरची सवय सुटली नाही. विमानात बोल्ट सैल पडू नये म्हणून पिळून बांधतात ती तार. ती अशी ओढायची, की बोल्ट सुटायला गेला तर तार त्याला आवळण्याच्याच दिशेनं धरून ठेवेल. आमच्या फाटकाच्या कडीला अजून त्यांचीच तार आहे, पीळ अगदी एकसारखा. (माझ्या स्कूटरचं काय काय बांधलं होतं ते विचारू नका!)

ट्रंकेत फोटो आहेत, मागे नावं नाहीत. १९७०-८० च्या दशकात मिगवर काम केलेले कुणी सातारा, कोरेगाव, कराडकडचे ओळखीत आहेत का? सर्व्हिस रेकॉर्डसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणार आहे. पुतण्याला देतात की काकूंचाच अर्ज लागतो?

आणि एक. काकू म्हणते, आजारपणाचं लिहू नको. मला ते वगळणं पटत नाही. तुमच्या घरी असं काही लिहिलं असेल तर कसं केलंत?