हस्कर्स 5-4: उरलेले तीन सामने आणि बाउलचा प्रश्न

लिंकनवाला

नोव्हेंबर 2024. हस्कर्स म्हणजे आपली नेब्रास्का विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉल टीम; 5-4 म्हणजे पाच जिंकले, चार हरले. सहा जिंकले की बाउल, म्हणजे हंगामानंतरचा मानाचा सामना, मिळतो. यूसीएलएचा सामना हरल्यावर लाल_टोपी यांनी लिहिलं होतं: 'मागच्या वर्षी 5-3 वरून 5-7, यंदा 5-1 वरून 5-7. बाउलचं नाव काढू नका.' हे मला अजिबात पटलेलं नाही. दोन ओळींत उत्तर मावणार नाही, म्हणून वेगळा धागा.

5-1 नंतरचे तीन पराभव एका माळेत ओवता येणार नाहीत. इंडियानाने 56-7 धुतलं, पाच वेळा आपण बॉल हातचा घालवला, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. पण पुढच्याच शनिवारी कोलंबसमध्ये चौथ्या क्वार्टरात आपण 17-14 ने पुढे होतो. शेवटी 21-17 ने हरलो, तरी ओहायो स्टेटचं रनिंग शंभर यार्डांच्या आत दाबून ठेवलं होतं. यूसीएलएविरुद्ध 27-7 वर आडवे झालो आणि 27-20 पर्यंत आलो. हा डिफेन्स उरलेले तिन्ही सामने हरणाऱ्या टीमचा नाही.

16 ला लॉस एंजेलिसमध्ये यूएससी, 23 ला घरी विस्कॉन्सिन, 29 ला शुक्रवारी आयोवा सिटी. तिनांत एक जिंकायचाय. माझ्या मते तो विस्कॉन्सिनचा. त्यांचा पहिला क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) व्हॅन डाइक अलाबामाविरुद्ध गुडघा दुखावून हंगामाबाहेर गेला, आणि 2 तारखेला आयोवाने त्यांच्यावर 42 पॉइंट चढवले, तेही जमिनीवरून, 300 यार्डांच्या वर धावून. शिवाय आपल्याकडे येण्याआधीच्या शनिवारी रात्री त्यांची गाठ ओरेगॉनशी आहे.

लाल_टोपी

माझं नाव घेतलंय तर उत्तर देतो. 2023 चे शेवटचे चार स्कोअर पुन्हा वाचा. मिशिगन स्टेट 17-20, मेरीलँड 10-13, विस्कॉन्सिन 17-24 ओव्हरटाइममध्ये, आयोवा 10-13. चारही सामने हातात होते. मेरीलँड आणि आयोवा तर शेवटच्या किकवर गेले. डिफेन्स तेव्हाही चांगलाच होता. 'डिफेन्स चांगला आहे' हा युक्तिवाद मागच्या वर्षी याच दिवसांत ऐकला होता.

आणि विस्कॉन्सिन सोपा कसा? 2012 च्या बिग टेनच्या (आपल्या लीगच्या) फायनलमध्ये 70-31 ने मारलं तिथपासून सलग दहा सामने त्यांनी जिंकलेत. दहा! 2014 मध्ये मेल्विन गॉर्डनने एकट्याने 408 यार्ड काढले. कोच बदलले, क्वार्टरबॅक बदलले, निकाल बदलला नाही. 2016 पासून आपण बाउल पाहिलेला नाही.

माई_बेलव्ह्यू

लाल_टोपी, दहा सामन्यांचा हिशोब खरा आहे, पण तो आत्ताच्या विस्कॉन्सिनला लागू होत नाही. त्या दहांतला बहुतेक काळ ते दोन टाइट एंड आणि फुलबॅक (समोरच्याला अडवणारे जादा खेळाडू) घेऊन लाइनवर चढायचे. कोच फिकेल आल्यावर एअर रेडकडे, म्हणजे पासवर भर देणाऱ्या पद्धतीकडे, वळले आणि लाइनचं वजन, सवय, भरतीचा प्रकार सगळं अधांतरी राहिलं. यूएससीनेही त्यांना 38-21 ने हरवलंय.

पण मला आयोवाचा सामना जास्त जिंकण्याजोगा वाटतो. त्यांचा क्वार्टरबॅक मॅकनमारा डोक्याच्या दुखापतीने बाहेर, त्याच्या जागी आलेल्या सलिव्हनचा घोटा यूसीएलएविरुद्ध गेला. आयोवा सिटीत 2022 मध्ये आपण 24-17 ने जिंकलोय, तेही मिकी जोसेफ हंगामी कोच असताना.

तिसरा_डाउन

क्वार्टरबॅक नसला तर आयोवाचं काय बिघडतं? त्यांचा खेळ रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) केलेब जॉन्सनचा आहे. आउटसाइड झोन या धावेच्या प्लेवर सगळी लाइन एकाच बाजूला सरकते, तो टॅकलच्या (लाइनच्या टोकाच्या खेळाडूच्या) बाहेर जाण्याचा आव आणतो आणि मागे राहिलेली फट दिसली की एकच पाय रोवून आत वळतो. बाहेरचा लाइनबॅकर (डिफेन्सच्या लाइनमागचा खेळाडू) उतावळा झाला की फट उघडलीच. यूसीएलएच्या पोरांनी ती बंद ठेवली, म्हणून आयोवा 20-17 ने हरला. आपण इंडियानाविरुद्ध कडेला जसे उभे होतो तसे उभे राहिलो तर क्वार्टरबॅक कोण, याला काही अर्थ उरत नाही.

मुख्य विषयाबद्दल: तीन सामने उरलेले असताना आक्रमणाची सूत्रं सॅटरफिल्डकडून काढून होल्गरसनकडे देणं हा घाबरून घेतलेला निर्णय आहे. सॅटरफिल्डची बाजू घेत नाही. पण दहा दिवसांत नवी पद्धत कोण बसवतं? आपला क्वार्टरबॅक रायोला पहिल्या वर्षाचा पोरगा आहे.

लिंकनवाला

इथे चुकताय. नवी पद्धत बसवायची नाहीच. प्लेची नावं, प्रोटेक्शनचे कॉल, हातवारे तेच राहणार, कारण ते अकरा जणांना विसरायला लावणं शक्य नाही. बदलतं ते एवढंच: कॉलशीटवर (सामन्यासाठीच्या प्लेच्या यादीत) किती प्ले ठेवायचे, कुठल्या क्रमाने हाक द्यायची, आणि बॉल किती लवकर हातातून सुटायला हवा. होल्गरसन कोच हॅल मम्मीकडे खेळला, माइक लीचच्या हाताखाली टेक्सास टेकला होता. ती एअर रेडची शाळा मोजकेच प्ले घेते आणि झोपेतही जमतील इतके घोटते.

मेश हा त्यांचा पासचा प्ले घ्या. दोन रिसीव्हर दोन्ही बाजूंनी साधारण सहा यार्डांवर एकमेकांना ओलांडतात, इतके जवळून की खांदा खांद्याला घासावा. मॅन कव्हरेज (एकाला एक डिफेंडर) असेल तर पाठलाग करणारे डिफेंडर एकमेकांत अडकतात, आपला माणूस धावत राहतो. झोन (डिफेंडरांनी जागा वाटून घेतलेल्या) असेल तर त्याने दोन लाइनबॅकरांच्या मधे थांबून क्वार्टरबॅककडे तोंड करायचं. बिघडतं ते तिथेच. एकाने सहाऐवजी आठ यार्डांवर वळण घेतलं की अडथळाच तयार होत नाही, आणि झोनमध्ये जो थांबत नाही तो पुढच्या लाइनबॅकरच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो. यंदाचे आपले कितीतरी पास असे 'कोणासाठी होता?' म्हणण्यासारखे पडलेत. हे सुधारायला नवी पद्धत लागत नाही, एकच गोष्ट पन्नासदा करून घ्यावी लागते.

तिसरा_डाउन

मेश मलाही माहीत आहे. तुम्ही लाइनबद्दल अवाक्षर काढत नाही. एअर रेडमध्ये गार्ड-टॅकल तीन फुटांपर्यंत लांब उभे करतात, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्या रशरला वळसा मोठा पडावा. त्याची किंमत सेंटर आणि गार्डच्या मधली फट मोठी होण्यात द्यावी लागते. तिथून लाइनबॅकर सरळ आला तर रनिंग बॅकने त्याला उचलायचा. आपल्या डाव्या टॅकलच्या जागी दुखापतींमुळे हंगामभर माणसं बदलली. आता त्यांना नवे अंतर शिकवणार? यूएससीच्या डिफेन्सचा को-ऑर्डिनेटर (आखणी करणारा कोच) डँटन लिन हे पहिल्या सिरीजमध्ये ओळखेल.

माई_बेलव्ह्यू

अंतर कोणी वाढवतंय असं लिंकनवाला म्हणालेच नाहीत, तुम्ही त्यांच्या तोंडी घातलंत.

यंदापासून हेल्मेटमध्ये रेडिओ आलाय, तो दोघेही विसरताय. प्ले क्लॉक (पुढचा प्ले सुरू करायची मुदत) 40 सेकंदांचा, रेडिओ 15 सेकंद उरले की बंद. कॉल जर 20 वर पोचला तर पोराला को-ऑर्डिनेटरचा आवाज पाच सेकंद मिळतो, त्यात प्लेचं नाव सांगून होतं तोवर संपला. 30 वर पोचला तर सेफ्टी (सर्वात मागचा डिफेंडर) कुठे उभा आहे, दबाव कुठून येईल, दुसरा पर्याय काय, हे सगळं सांगता येतं. छोटी कॉलशीट म्हणजे लवकर हाक, आणि लवकर हाक म्हणजे रायोलाला दहा सेकंद जास्त मदत. पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकसाठी एवढी मोठी गोष्ट दुसरी नाही. या एका कारणासाठी मी बदलाच्या बाजूची आहे.

खडक_सिंग

सगळे आक्रमणावर भांडताय, किकिंगचं कोणी बोलत नाही. पर्ड्यूविरुद्ध पहिला हाफ 0-0 संपला तो फील्ड गोल (तीन पॉइंटांची किक) वाया गेल्यामुळे. स्नॅप (बॉल मागे फेकणं), होल्ड (तो धरून ठेवणं), किक हे साधारण 1.3 सेकंदांत उरकायला हवं. त्याला 1.5 लागले की कडेवरून आलेल्या माणसाचा हात बॉलवर पडतो. मधून ब्लॉक होत असेल तर दोष बहुधा गार्डचा असतो: तो आतला पाय आत टाकून फट बुजवण्याऐवजी समोरच्याला ढकलायला उठतो आणि खांद्याखालून वाट देतो. हा सराव रोज दहा मिनिटांचा आहे. तीन-तीन पॉइंटांवर हंगाम घालवणाऱ्या टीमने यावर आधी बोलावं. 2021 मध्ये 3-9 झालो तेव्हा नऊच्या नऊ पराभव एक-आकडी फरकाचे होते, विसरलात का?

लाल_टोपी

खडक_सिंग यांनी माझाच मुद्दा मांडलाय. कोच फ्रॉस्ट असो की रूल, आपण छोट्या फरकाने हरतो. हे नशीब नाही.

लिंकनवाला

नशीब नाही, मान्य. मग यूएससीकडे बघा! मिशिगन 24-27, मिनेसोटा 17-24, पेन स्टेट 30-33 ओव्हरटाइम, मेरीलँड 28-29, वॉशिंग्टन 21-26. पाच पराभव, पाचही एका स्कोअरच्या (आठ पॉइंटांच्या) आतले. 4-5 वर आहेत आणि त्यांना तिनांत दोन हवेत, त्यात नोत्र दाम आहे. मॉसला बसवून मायावाला उतरवतायत. म्हणजे आपण आक्रमणाचा आवाज बदललाय, त्यांनी थेट क्वार्टरबॅक बदललाय. दोघेही सुट्टीच्या आठवड्यातून येतायत. हा सामना पन्नास-पन्नास आहे.

तिसरा_डाउन

पन्नास-पन्नास नाही. मायावा धावतो. यूसीएलएचा गार्बर्स काही धावणारा क्वार्टरबॅक म्हणून ओळखला जात नाही, तरी त्याने पॉकेटमधून (लाइनमागच्या सुरक्षित जागेतून) निघून तिसऱ्या डाउनला (चारांतल्या तिसऱ्या प्रयत्नाला) आपला डिफेन्स मोडला. पास रशर वळसा घालून खोल जातात, मधे कोणी राहत नाही, आणि समोर दहा यार्ड मोकळे. एक लाइनबॅकर फक्त क्वार्टरबॅकवर ठेवावा लागेल. तो ठेवला की त्यांचा रनिंग बॅक वुडी मार्क्सला स्क्रीन (लाइनमागे दिलेला छोटा पास) मोकळी.

एडिसनकर

सहा जिंकले तर जायचं कुठे, यावरही बोला. बिग टेनचे चार संघ (ओरेगॉन, ओहायो स्टेट, पेन स्टेट, इंडियाना) राष्ट्रीय विजेतेपदाच्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये गेले, तर खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात. यूएससी, यूसीएलए, वॉशिंग्टन यांच्या जागा अजून त्यांच्या जुन्या लीगच्या, पॅक-12 च्या, बाउलांत आहेत, ते आपल्या वाटेत येत नाहीत. 6-6 ला डेट्रॉइट किंवा फीनिक्स, 7-5 झालं तर नॅशव्हिल किंवा यँकी स्टेडियम. न्यू जर्सीत इतके नेब्रास्काचे माजी विद्यार्थी आहेत की पिनस्ट्राइप मिळाला तर अर्धं स्टेडियम लाल होईल.

आणि 5-7 झालं तरी दार पूर्ण बंद नसतं. 2015 मध्ये 5-7 असताना आपणच फॉस्टर फार्म्स बाउल खेळलो आणि यूसीएलएला 37-29 ने हरवलं.

लाल_टोपी

त्या दाराची आशा दाखवू नका. सहा जिंकलेले संघ कमी पडले तरच ते उघडतं, आणि तेव्हा एपीआर, म्हणजे खेळाडूंच्या अभ्यासाचा गुणांक, बघतात. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूचे सत्राला दोन गुण, एक अभ्यासात पात्र राहिल्याचा आणि एक शाळा न सोडल्याचा. मिळालेले भागिले मिळू शकणारे गुणिले हजार. पोर्टलच्या (खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याच्या) काळात त्यात वर राहणं 2015 इतकं सोपं नाही. मागच्या वर्षी मिनेसोटा 5-7 ने गेला, तोही जेम्स मॅडिसन आणि जॅक्सनव्हिल स्टेट या नव्याने वर आलेल्या संघांना आधी जागा देऊन झाल्यावर.

माई_बेलव्ह्यू

बाउल हवाय तो सहलीसाठी नाही. डिसेंबरमधले पंधराएक सराव हवेत. 4 डिसेंबरला भरतीच्या सह्या, 9 ते 28 पोर्टल उघडं. जो संघ त्या दिवसांत मैदानावर असतो त्याला पोरांशी रोज बोलता येतं. ज्याचा हंगाम 29 नोव्हेंबरला संपतो, त्याचे खेळाडू घरी बसून फोन घेतात. सात वर्षं आपलं हेच झालंय. दुसऱ्या फळीतल्या लाइनमनला खऱ्या वेगाने सराव मिळतो तो याच दिवसांत, आणि आपला टॅकलचा प्रश्न पुढच्या वर्षीही आहेच.

तिसरा_डाउन

याबद्दल वाद नाही. रेडिओचा मुद्दाही धरतो, मी तो विचारात घेतला नव्हता. तरी को-ऑर्डिनेटर बदलायचा होता तर इंडियानानंतर बदलायचा. दोन सामने वाया घालवले.

लाल_टोपी

विस्कॉन्सिनची लाइन पूर्वीची नाही, एवढं मानतो. आयोवाने केलं तसं पहिल्या डाउनला आपल्या एमेट जॉन्सनला बॉल देऊन त्यांना दमवलं, आणि बॉल एकदाही घालवला नाही, तर 23 ला जिंकू शकतो. लॉस एंजेलिस आणि आयोवा सिटी मी हरलेलेच धरतो.

खडक_सिंग

आणि 40 यार्डांच्या आतले फील्ड गोल मारले तर. ते कोणीच धरत नाही.