४५० रिमोट हेलिकॉप्टर: टेकताना ब्लेड टेल बूमला (शेपटीच्या नळीला) लागतं

प्रश्न
४५० साइजचं फ्लायबारलेस (रोटरवर तोल साधणारा दांडा नसलेलं, ते काम इलेक्ट्रॉनिक युनिट करतं), ३२५ मिमीची कार्बन ब्लेडं. हवेत काही तक्रार नाही, पण टेकताना जरा उसळलं की ब्लेड टेल बूमवर आपटतं. बूम बदलला, ब्लेडं बदलली, तरी तेच. महागडी ब्लेडं घेऊन फरक पडेल?

शेपूटपंखा
नाही पडणार. आधी हेडमधले (रोटरच्या मधल्या भागातले) डॅम्पर, म्हणजे झटके शोषणारी रबरं, तपासा. मोटर बंद असताना एका ब्लेडचं टोक वर उचला. दुसरं अगदी सहज खाली गेलं तर रबर संपलंय, आणि मग रोटर हवा तसा कलतो. तेवढ्यात फेदरिंग शाफ्ट (दोन्ही ब्लेडांच्या ग्रिप ज्यावर फिरतात तो आडवा दांडा) काढून काचेवर लोळवा. डगमगला तर सरळ करत बसू नका, नवा टाका. परत जोडताना थ्रस्ट बेअरिंगचा (ब्लेडची बाहेरची ओढ झेलणाऱ्या बेअरिंगचा) मोठ्या भोकाचा वॉशर हबकडे, म्हणजे मध्याकडे, लहान भोकाचा बाहेर. उलटे बसले तर फिरताना ताण आला की ग्रिप (ब्लेडची पकड) वळायला जड होते.

स्वॅशप्लेट
डॅम्पर ठीक निघाले तर दोष बोटांचा. उसळलं की घाबरून कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारी स्टिक) तळाला जातं आणि सायक्लिक (पुढे-मागे, बाजूला कलवणारी स्टिक) मागे. हेडस्पीड (रोटरचा वेग) उतरत असताना ब्लेडं ताठ राहत नाहीत. त्यात उलटा पिच (ब्लेडचा खाली ढकलणारा कोन), म्हणजे मागची बाजू थेट बूमवर.

फ्लायबारलेसमध्ये आणखी एक भानगड. जमिनीवर उभं असताना सायक्लिक थोडं जरी दिलं, तरी हेलिकॉप्टर कलत नाही म्हणून युनिट स्वॅशप्लेट (ब्लेडांचा कोन बदलणारी तबकडी) झुकवतच राहतं. टेकल्यावर सायक्लिक मध्यावर, पिच शून्यावर, मग थ्रॉटल होल्ड (मोटर बंद करणारा स्विच). रोटर थांबेपर्यंत स्टिकला हात नको.

प्रश्न
ब्लेडचे बोल्ट किती आवळायचे?

शेपूटपंखा
हेलिकॉप्टर कुशीवर आडवं धरा. ब्लेडं आपल्या वजनाने लोंबायला नकोत, हलका झटका दिला की सरकायला हवीत, आणि दोन्ही सारखीच. फार आवळली तर रेषेत येत नाहीत, कंप सुटतो. सैल राहिली तर मोटर झटक्यात सुरू झाल्यावर मागे दुमडतात, तीही बूमवरच.

स्वॅशप्लेट
आपटलेलं कार्बन ब्लेड चिकटवून वापरू नका. बोल्टच्या भोकाजवळ बारीक रेघ, उकललेली कड, वाकवताना करकर, यातलं एक जरी दिसलं तरी जोडीच बाद.