छतावर रंग फासून कंपनी बदलते का? (एचपी, २००९)

निलांबरी_पुणे

काल रात्री जेवताना आमच्याकडे चांगलीच जुंपली म्हणून इथे विचारतेय. लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या ग्रुपने जुने कॉम्प्युटर, मोबाईल, चार्जर गोळा करायचं काम हातात घेतलंय आणि आता त्यांना जवळच्याच एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला पत्र द्यायचंय की तुमच्या मालात कुठली विषारी द्रव्यं आहेत आणि ती कधी बंद करणार ते सांगा. तर ती सांगत होती की २००९ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेची माणसं कॅलिफोर्नियात एचपी या कॉम्प्युटर कंपनीच्या मुख्य ऑफिसच्या छतावर चढली आणि तिथे भल्यामोठ्या अक्षरांत 'हॅझार्डस प्रॉडक्ट्स' रंगवून आली, म्हणजे 'घातक उत्पादनं', आद्याक्षरं कंपनीचीच एच आणि पी. यावर माझे मोठे दीर म्हणाले की हे सगळं फोटोपुरतं असतं, कंपनी हलते ती कायद्याने नाहीतर पैशाने, छतावर रंग फासून कोणी मटेरियल बदलत नाही. लेक ताटावरून उठून गेली.

भाऊजींनी ३० वर्षं एका कारखान्यात पर्चेस सांभाळलंय त्यामुळे त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाहीये. पण पोरगी पण मनापासून करतेय. मला खरंच जाणून घ्यायचंय, त्या छतानंतर काही झालं का? की रंग धुतला आणि विषय संपला? कोणाला नीट माहिती असेल तर सांगा, लिंकांचा ढीग नको, समजेल असं सांगा.

सातारकर_सनीवेल

ताई मी तेव्हा तिथेच जवळ नोकरीला होतो, दुपारपर्यंत आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. २८ जुलै २००९, पालो आल्टो. साडेअकरा हजार चौरस फुटांच्या वर जागा रंगवली होती, म्हणजे दोन-अडीच बास्केटबॉलची मैदानं होतील एवढी. आणि रंग कुठला, तर लहान मुलं बोटांनी चित्रं काढतात तो बिनविषारी रंग, पाण्याने धुतला की जाणारा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, विषाच्या विरोधात गेलात तर तुमच्या डब्यात विष नको. त्याच दिवशी एचपीच्या कर्मचाऱ्यांच्या फोनवर अभिनेता विल्यम शॅटनरच्या आवाजातला निरोप पण वाजला होता. कंपनी अर्थातच चिडली, असल्या प्रकारांनी पर्यावरणाचं काही भलं होत नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

पण लोकांना ते छत लक्षात राहतं आणि खरा मुद्दा विसरला जातो. ग्रीनपीसने एचपीवर काहीतरी नवीन मागणी लादली असं नव्हतंच. एचपीने स्वतःच २००७ मध्ये जाहीर केलं होतं की २००९ पर्यंत आमच्या नव्या कॉम्प्युटरमधून पीव्हीसी आणि ब्रोमिनेटेड फ्लेम रिटार्डंट काढून टाकू. पीव्हीसी म्हणजे वायरींवर असतं ते क्लोरीनवालं प्लास्टिक. ब्रोमिनेटेड म्हणजे प्लास्टिक आणि सर्किट बोर्ड पटकन पेटू नये म्हणून त्यात घालतात ती ब्रोमिनची रसायनं. मग २००९ उजाडलं आणि तारीख हळूच २०११ वर ढकलली. छतावर चढले ते त्या ढकललेल्या तारखेसाठी. तुम्हीच शब्द दिला होता तो पाळा, एवढंच सांगायला.

पुढे काय झालं म्हणाल तर २०१० मध्ये एचपीचा पीव्हीसी आणि ब्रोमिन नसलेला एक बिझनेस डेस्कटॉप बाजारात आला, आणि ग्रीनपीस इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांना गुण देऊन जी यादी काढायची, तिच्यात नोव्हेंबर २०११ ला एचपी पहिल्या नंबरवर होती, १० पैकी ५.९ गुण. (त्या वर्षी गुण द्यायचे निकष बरेच वाढवले होते, वीज, कारखाने वगैरे पण धरलं होतं, त्यामुळे ते सगळं श्रेय छताला देऊ नका.) पण ज्यांनी छत रंगवलं त्यांनीच दोन वर्षांनी पहिला नंबर दिला ही गोष्ट तुमच्या भाऊजींना नक्की सांगा.

अ‍ॅपलचं त्याआधीचं प्रकरण पण असंच. २००६ च्या ऑगस्टमध्ये ती यादी पहिल्यांदा आली तेव्हा अ‍ॅपल खालच्या नंबरांत होती, नंतर पार तळाला गेली, आणि त्यांच्याच चाहत्यांना हाताशी धरून मोठी मोहीम चालली की आमचं अ‍ॅपल हिरवं करा. २ मे २००७ ला स्टीव्ह जॉब्जने स्वतःच्या नावाने पत्र काढलं आणि २००८ अखेरची तारीख दिली. कुठल्याही सरकारने ती तारीख मागितली नव्हती.

पीसीबी_भोसरी

वर सातारकरांनी तारखेचं लिहिलंय त्याला धरूनच लिहितो कारण मी याच धंद्यात आहे, भोसरीत बोर्ड असेंब्ली करतो, २२ वर्षं झाली.

तुमच्या भाऊजींचं अर्धं बरोबर आहे. युरोपचा रोह्स कायदा १ जुलै २००६ ला लागू झाला, शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि दोन प्रकारचे ब्रोमिनवाले फ्लेम रिटार्डंट एवढ्यांवर मर्यादा आली, आणि जग बदललं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमचं जुनं सोल्डर, म्हणजे बोर्डावर भाग जोडायचा धातू, ६३ टक्के कथिल ३७ टक्के शिसं, १८३ डिग्रीला वितळायचं, लोण्यासारखं वाहायचं, जॉइंट आरशासारखा चमकायचा. बिनशिशाचं आलं ते २१७ च्या पुढे वितळतं. पहिल्या महिन्यात ओव्हनचं प्रोफाइल (किती वेळ किती तापवायचं ते) जमता जमेना, कनेक्टरचं प्लास्टिक वाकडं व्हायचं, बोर्ड पिवळे पडायचे, आणि जॉइंट दिसायचा मळकट त्यामुळे आमच्या जुन्या इन्स्पेक्शनच्या बाई प्रत्येक बोर्डावर लाल बाण चिकटवायच्या, त्यांना सगळेच ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चे जॉइंट, वाटायचे. एवढा त्रास कायदा नसता तर कोणी सोसला नसता, मान्य.

पण ज्या गोष्टीसाठी एचपीच्या छतावर चढले ती त्या कायद्यात नव्हतीच!! पीव्हीसी नव्हतं. आणि बोर्डाच्या लॅमिनेटमध्ये, म्हणजे बोर्ड ज्या पत्र्यापासून कापतात त्यात, जे ब्रोमिन सगळ्यात जास्त वापरलं जातं, टीबीबीपीए, ते पण नव्हतं. म्हणजे कायद्याच्या पुढची मागणी होती. अशा वेळी काय होतं ते मी सांगतो, आणि भाऊजी पर्चेसला होते म्हणजे त्यांना हे लगेच पटेल. माझ्यासारख्या छोट्याने लॅमिनेटवाल्याला फोन करून हॅलोजन-फ्री (ब्रोमिन-क्लोरीन जवळपास नसलेलं) द्या म्हटलं तर तो म्हणणार साहेब मिनिमम क्वांटिटी एवढी, रेट एवढा, डिलिव्हरी बघू. घेतंय कोण? पण दोन-चार मोठ्या कंपन्यांनी जगासमोर सांगितलं ना की अमुक वर्षापासून आम्ही दुसरं घेणार नाही, की लॅमिनेटवाला, केबलवाला, कनेक्टरवाला सगळे आपापली लाइन बदलायला घेतात, कारण आता त्यांना पुढची ऑर्डर दिसते. म्हणून तारीख पुढे ढकलली की नुसता एका कंपनीचा शब्द मोडत नाही, मागची अख्खी साखळी थंडावते. आज हॅलोजन-फ्री लॅमिनेट (ब्रोमिन ९०० पीपीएमच्या आत, क्लोरीन ९०० च्या आत, दोन्ही मिळून १५०० च्या आत) मला सहज मिळतं.

स्मिता_कुर्ला

मशीन, लॅमिनेट सगळं ठीक आहे पण हे विष शेवटी कुठे पोचतं ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. काही वर्षांपूर्वी एका सर्व्हेसाठी कुर्ला आणि साकीनाक्याच्या भंगारच्या गाळ्यांमध्ये फिरत होते. एका गाळ्यात एक माणूस रॉकेलच्या स्टोव्हवर बोर्ड उलटा धरून बसलेला, सोल्डर सुटलं की पकडीने चिप ओढायची, टोपलीत टाकायची, पुढचा बोर्ड. तोंडाला काही नाही. मागच्या बाजूला मोकळ्या जागेत दोन मुलं वायरींचं भेंडोळं पेटवत होती, वरचं पीव्हीसी जळलं की आतलं तांबं मिळतं म्हणून. काळा धूर, आणि वास असा की घशात काहीतरी गोड आणि कडू चिकटून बसल्यासारखं. घरी येऊन केस दोनदा धुतले तरी उशीला वास होता.

पीव्हीसी म्हणजे निम्म्याहून जास्त वजन क्लोरीनचं, ते असं उघड्यावर जाळलं की डायॉक्सिन नावाचं जहाल विष तयार होतं. ब्रोमिनच्या प्लास्टिकचं पण तसंच. तुमच्या टेबलावर लॅपटॉप आहे तोवर काही होत नाही, म्हणून तर कंपनीचा माणूस छातीवर हात ठेवून सांगू शकतो की आमचा माल सुरक्षित आहे. तो सुरक्षित नसतो त्या मुलांना, आणि ती मुलं कंपनीची गिऱ्हाईकं नाहीत, त्यांचं पत्र कोण वाचणार? त्यांच्या वतीने कोणीतरी छतावर चढलं तर मला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

आणि हे सगळं अमेरिकेतच होतं असं नाही हं. २००५ मध्ये बंगळुरूला विप्रोच्या दारात ग्रीनपीसवाल्यांनी विप्रोचाच ई-कचरा नेऊन टाकला होता, २०१० च्या जानेवारीत विप्रोने पीव्हीसी आणि ब्रोमिन नसलेले कॉम्प्युटर आणले. त्याच वर्षी मार्चमध्ये डेलच्या बंगळुरूच्या ऑफिसवर निदर्शनं झाली, का? तर डेलने पण २००९ ची तारीख मोडली होती. आपल्याकडचे ई-कचऱ्याचे नियम झाले २०११ ला, लागू १ मे २०१२ पासून, आणि शिसं-पारा वगैरेची मर्यादा त्याच्याही दोन वर्षांनी. म्हणजे ओरड आधी आली, कायदा मागून.

कातळ

सगळं वाचलं. विरोध नाही पण एक खटकतं. या याद्या, हे नंबर, यात वस्तूतलं विष मोजलं जातं, वस्तू बनवणाऱ्याच्या अंगात गेलेलं विष बाजूला राहतं. चीनमध्ये सुझोऊला विनटेक नावाची कंपनी अ‍ॅपलसाठी टचस्क्रीन बनवायची. तिथे पडदा पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन वापरायला लागले कारण ते पटकन उडून जातं, म्हणजे तासाला जास्त पडदे होतात. १३७ कामगार आजारी पडले, एन-हेक्झेन नसांवर जातं, हातापायातली ताकद जाते. अ‍ॅपलने स्वतःच्या २०११ च्या अहवालात हा आकडा कबूल केला. आता बघा, तो फोन पीव्हीसीमुक्त, ब्रोमिनमुक्त, पारामुक्त, सगळं खरं, आणि पुसणाऱ्या पोरीला जिना चढता येत नाही.

त्यावर पण शेवटी संघटनांनीच मोहीम चालवली, चायना लेबर वॉच आणि ग्रीन अमेरिका, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये अ‍ॅपलने बेंझीन आणि एन-हेक्झेन शेवटच्या असेंब्लीत बंद केलं. पण शब्द नीट वाचा, 'शेवटच्या असेंब्लीत'. त्याच्या आधीचे सुटे भाग जिथे बनतात तिथे बंदी नव्हती, मर्यादा होती. म्हणून ताई, मुलीला सांगा की पत्रात एक ओळ कारखान्यात काय वापरता याची पण टाक. मालात काय उरतं एवढंच विचारू नको.

पीसीबी_भोसरी

कातळ, एकदम बरोबर. आमच्याकडे पण पूर्वी बोर्ड धुवायला काय काय वापरायचे, डबा उघडला की डोकं धरायचं, आणि कोणाला त्याचं नाव माहीत नसायचं, सगळे 'थिनर' म्हणायचे.

निलांबरी_पुणे

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, सकाळी चहाच्या वेळी लेकीला आणि भाऊजींना दोघांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. लॅमिनेटच्या पॅराला भाऊजी मान डोलावत होते, 'मिनिमम क्वांटिटी' ला तर म्हणाले हे अगदी खरंय. स्मिताताईंचं वाचताना मात्र कोणीच बोललं नाही. आता भाऊजीच म्हणतायत की पत्राचा मसुदा मला दाखव, कंपनीच्या माणसाला टाळता येणार नाही असं लिहू. तर तेच विचारते, नेमकं काय लिहावं? पोरांनी लिहिलंय 'आपण पर्यावरणपूरक धोरण स्वीकारावे ही विनंती'.

सातारकर_सनीवेल

ती ओळ काढा ताई. त्याला उत्तर येईल की आम्ही कटिबद्ध आहोत, आणि संपलं. अमुक द्रव्य कोणत्या मालातून कोणत्या महिन्यापर्यंत काढणार असं विचारा, द्रव्याचं नाव घेऊन. उत्तरात तारीख आली की ती जपून ठेवा, कंपनीच्या लेटरहेडवर असेल तर उत्तमच. आणि अपवाद विचारा, तिथेच गोम असते. अ‍ॅपलचंच उदाहरण देतो, पीव्हीसी काढलं काढलं म्हणून जाहीर केल्यावर पण कित्येक वर्षं त्यांच्या पर्यावरण अहवालात बारीक अक्षरात एक ओळ असायची की पीव्हीसी नसलेली पॉवर कॉर्ड सगळीकडे मिळते, भारत आणि दक्षिण कोरिया सोडून, तिथे अजून सरकारी मंजुरी मागतोय.

पीसीबी_भोसरी

हो, आणि त्याचं कारण पण घरच्या घरी बघता येतं. लॅपटॉपची भिंतीकडची जाड वायर घ्या, उजेडात धरा, अंगावर बारीक उठावाचे आकडे असतात. बहुतेक वेळा आयएस ६९४ दिसेल. ते आपलं भारतीय मानक आहे, आणि ते मानकच मुळात पीव्हीसीच्या वायरीचं आहे. म्हणजे इथे फक्त कंपनीला विचारून भागणार नाही, पत्राची एक प्रत ही मानकं ठरवणाऱ्या भारतीय मानक ब्युरोला पण गेली पाहिजे.

निलांबरी_पुणे

आत्ता उठून बघितलं. घरात पाच वायरी निघाल्या, दोन लॅपटॉपच्या, एक प्रिंटरची, एक मिक्सरची, एक भाऊजींच्या जुन्या मॉनिटरची. चष्मा लावून टॉर्चच्या उजेडात भाऊजींनीच वाचल्या. चारवर आयएस ६९४ आहे, पाचवीवरचं पुसलं गेलंय. लेकीने फोटो काढलेत, पत्राला जोडणार म्हणते. मानक ब्युरोचा पत्ता भाऊजी शोधतायत.